बाहुलीची चोखणी

“मी आता जे सांगणार आहे, त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही,” असं म्हणत आजोबांनी चहाच्या कपाखालची पोलादी पट्टी उचलली, सदऱ्याला पुसली आणि तिच्या मधल्या लांबट भोकाला डोळा लावून नातीकडे पाहिलं.

नात टेबलाखाली बसली होती, उजवी मूठ घट्ट आवळून. मुठीत नव्या बाहुलीची चोखणी होती, गुलाबी, बोटाच्या पेराएवढी. सकाळपासून आई ती मागत होती. धाकटं बाळ नुकतंच रांगायला लागलं होतं आणि हाताला लागेल ते थेट तोंडात घालत होतं.

“ओढून घेऊ का, बाबा?” सुनेने हळूच विचारलं. बाळ तिच्या कडेवर होतं.

“ओढलीस की ती पुन्हा हुडकून लपवून ठेवेल. आणि लपवलेलं शोधण्यात या बाळाचा हात धरणारं कुणी आहे का?”

मग त्यांनी आवाज चढवला.

“तर चौकशीबाई, खेळणी तपासायची माझी नोकरी. ही पट्टी तेव्हाची. एका दुकानदाराने दारावर टांगायला चोखणी बनवली. केवढी? गाडीच्या चाकाएवढी. साहेब म्हणाले, ही कशाला तपासायची? मी म्हटलं, चोखणीसारखं जे जे दिसतं, मग ती मेणबत्ती असो की किल्लीला लावायचं लोंबतं, ते या भोकातून जाता कामा नये; यातून गेलं, तर बाळाच्या घशातही जाईल. खरी कुठली नि नुसती शोभेची कुठली, हे बाळाला काय कळतंय?”

“मग गेली?” टेबलाखालून प्रश्न आला.

“चाक कसं जाईल? पण पुढे तर ऐक. चोखणीच्या चकतीला भोकं लागतात. ती मी पाडून घेतली. वारा सुटला आणि त्या भोकांतून अशी अंगाई वाजायला लागली, की अख्खा रस्ता झोपला. वाहतूक पोलीस हात वर करून उभ्या उभ्या घोरत होता. चोर आले, तेही कुलूप अर्धं तोडून पायरीवर आडवे.”

नात खुदकन हसली. मग थांबली.

“भोकं कशाला लागतात?”

“घशात अडकलीच, तर श्वास तरी चालू राहावा म्हणून.”

“आणि भोकं नसली तर?”

“तर आवाज बंद होतो. रडण्याचासुद्धा.”

तिने बाळाकडे पाहिलं. बाळ आईच्या गळ्यातली माळ चघळत होतं.

“पण तू कशाला घाबरतेस?” आजोबा म्हणाले. “या भोकातून जाईल अशी चोखणी जगात कुणी बनवलेलीच नाही. काय बिशाद आहे.”

त्यांनी पट्टी रिकाम्या कपावर ठेवली, कप जमिनीवर ठेवला आणि पाठ फिरवून चष्मा पुसायला घेतला.

टेबलाखाली थोडी खुडबुड झाली. मग कपाच्या तळाशी टिंग असा आवाज आला. पट्टी सरकली, पुन्हा बसली. पुन्हा टिंग.

आजोबांनी मागे पाहिलं नाही. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी ते पुसत राहिले.

नात कप दोन्ही हातांत धरून आईपाशी आली. बाळाने हात पुढे केला, तशी तिने कप उंच धरला.

“आई, हा कप वर ठेव,” ती म्हणाली. “आजोबा थापा मारतात. ही गेली.”