अकरापर्यंतची वाट

लॉइडने कॉफीसाठी तिसऱ्यांदा जाळ पेटवला, तेव्हा वर्नाने हात टेकले. ओलं लाकूड नुसतं धुमसत होतं.

"घरी चांगली शेगडी पडलीये. ती आणायला काय धाड भरली होती?"

"मजा जाते गं," म्हणत नवरा पुन्हा फुंकायला बसला.

मजा म्हणे! चार दिवस समुद्रकाठी तंबूत राहून झऱ्याचं पाणी गाळून प्यायचं, फावडं घेऊन झाडीत जायचं, आणि अस्वलाला उघडू नये म्हणून घेतलेला डबा माणसालाही उघडत नाही, म्हणून सकाळी उपाशी बसायचं. तेही एक वेळ चाललं असतं. पण आज तिची तीनची बस चुकून चालणार नव्हतं. तिकडे स्पोकेनला त्यांच्या लेकीचे, डेलियाचे, दिवस भरले होते. पहिलटकरीण पोरगी! बस आठवड्यातून दोनदाच, आणि या पुळणीवरून बाहेर पडायचं ते ओहोटीतच, कड्याला वळसा घालून.

"अकरापर्यंत वाट मोकळी आहे," लॉइड म्हणाला. "भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेत उन्हाळ्याचा एक तास मिळवायचा, घड्याळं पुढे करतात ना, तो. तीस वर्षं करतोय मी हे."

साडेदहाला दोघं कड्यापाशी पोचले, तर लाटा थेट खडकावर आपटत होत्या. वर्ना तशीच पाण्यात घुसली. दुसऱ्याच लाटेने तिला पाठीवरच्या ओझ्यासकट वाळूत आणून आदळलं. नखशिखान्त भिजलेल्या वर्नाने त्याच्या खिशातून तक्ता ओढून काढला. वरच छापलं होतं, 'उन्हाळ्याचा तास मिळवलेला आहे.' त्याखाली लॉइडच्या पेन्सिलीची ठळक रेघ.

"तुला ठाऊक होतं!"

"हो." लॉइड खाली बघत म्हणाला. "तू सहा महिने लेकीकडे जाणार. म्हटलं, आणखी दोन-तीन दिवस तरी..."

"अरे, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? पोर तिकडे एकटी कळा देईल आणि मी इथे वाळू झटकत बसू?" संतापाने तिला रडूच फुटलं. "एवढंच होतं तर सरळ बरोबर यायचं होतंस!"

"मला कुणी ये म्हटलं का?"

वर्ना आठवू लागली. तीन महिने फोनवर मायलेकींनी लंगोट, स्वेटर, बाळाचं नाव, सगळं सगळं ठरवलं होतं. लॉइडला बोलवायचा विषय मात्र दोघींपैकी कुणीच काढला नव्हता.