चांगली केस

सकाळपासून नऊ विद्यार्थ्यांनी तिच्या नवऱ्याला स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं होतं. नऊही वेळा ते बोट नाक सोडून भलतीकडे गेलं, बहुतेकदा गालावर, एकदा तर डोळ्यात. बोट चुकलं की विद्यार्थ्याचा चेहरा उजळायचा. तिला त्या चेहऱ्यांची शिसारी आली होती.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चार महिन्यांपूर्वी त्याचा ब्रश अक्षराच्या शेवटी थांबेनासा झाला. रेघ जिथे संपायची तिथून बोटभर पुढे पळायची. मग चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, आणि गिऱ्हाइकांनी परस्पर ठरवून टाकलं की हा पितो. गिऱ्हाइकांचं सोडा, तिनेही तेच ठरवलं. दोन महिने रोज संध्याकाळी ती त्याचं तोंड हुंगायची. वास कधीच आला नाही, तरी तिने त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. सकाळी तो ओकायचा, ते ती नाक मुरडून, शिव्या हासडत पुसायची. आता त्या शिव्या आठवल्या की तिला स्वतःच्या तोंडाची किळस यायची.

इस्पितळात डोक्याचे फोटो काढले तेव्हा खरं काय ते कळलं. डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. त्याच्या उजव्या भागात पाण्याची गाठ झाली होती. गाठ काढली की हात बराचसा ताळ्यावर येईल, पण उशीर करण्यात अर्थ नाही, असं ऑपरेशनच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सोमवारची तारीखही दिली होती. सोमवारी न्यायला कुणी फिरकलंच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. ओकाऱ्या मात्र दुपटीने वाढल्या. आज गुरुवारी नर्सने चादर बदलता बदलता सहज सांगून टाकलं, की परीक्षा आहेत, म्हणून मोठ्या सरांनी तारीख पुढे ढकलली. गाठ काढली की लक्षणं जातात, आणि इतकी चांगली केस पुन्हा कुठून आणायची?

मोठे सर खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले होते. स्टुलावर, नवऱ्याच्या पाण्याच्या भांड्याला चिकटून, काचेच्या बरणीत कुणाचा तरी मेंदू होता. बरणीतल्या औषधाचा उग्र वास खाटेपर्यंत येत होता. दहाव्या विद्यार्थ्याने बरणीतल्या मागच्या, बारीक घड्यांच्या गोळ्याकडे बोट दाखवलं आणि धडा घडाघडा म्हणून टाकला. मोठा मेंदू हुकूम सोडतो. हात किती न्यायचा, कुठे थांबवायचा, हे लहान मेंदू सांभाळतो. मधला पट्टा बिघडला तर धड डगमगतं, बाजूचा भाग बिघडला तर त्या बाजूचे हातपाय. इतकं म्हणून त्या शहाण्याने गाठ डावीकडे आहे असं ठोकून दिलं.

सरांनी त्याला झापलं. मोठ्या मेंदूचा बिघाड उलट बाजूला दिसतो, लहान मेंदूचा त्याच बाजूला, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल म्हणाले.

तेव्हा नवरा बोलला. दिवसभरात पहिल्यांदाच.

"सो-म-वारी का-ढणार हो-ता. का ना-ही का-ढली?"

सरांनी हात वर केला, विद्यार्थ्याकडे बघून. "ऐका. शब्द कसे तुटतायत बघा. हेही लक्षणच आहे. लिहून घ्या."

विद्यार्थी मान खाली घालून लिहायला लागला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे काय म्हणाले, तेही लिहिलंत का?" तिने विचारलं.

विद्यार्थ्याने सरांकडे बघितलं. सर रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, अजून सहा जण राहिलेत. तेवढे होऊ द्या, उद्या सकाळी पहिला नंबर यांचा. मी सही करतो. नाहीतर मग पुढच्या आठवड्यात बघावं लागेल."

नवऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि दोन्ही हात चादरीत लपवले. झालं एवढं बस झालं, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं. पुढच्या आठवड्यापर्यंत किती ओकाऱ्या होतील, हे मात्र तिलाच माहीत होतं. त्या पुसायला त्याला उचलताना तो दिवसेंदिवस कसा हलका लागतो, हेही.

अकरावा आत आला. अजून कागदही न काढता तो बरणीत डोकावत होता. तिने चादर ओढली, नवऱ्याला खांद्याला धरून उठवलं आणि त्याचा उजवा हात मोकळा केला.

"नाकाला बोट लावा," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. दोन महिने ती तोंड हुंगायची तेव्हाही त्याने असं बघितलं नव्हतं. मग त्याने हात उचलला, आणि बोट कानाजवळ जाऊन आपटलं.

"परत एकदा," ती म्हणाली. "यांना नीट दिसलं नाही."