ओरडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी

गल्लीत त्यांना सगळे भोंगा म्हणत, पण पाठीमागे. समोर आले की 'काका'. सगळी हयात बसच्या कंडक्टरकीत गेली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने शिट्टी, बिल्ला, चामडी पिशवी असं सगळं मोजून परत घेतलं, आवाज तेवढा घ्यायचा राहून गेला. तो आवाज घेऊन काका गल्लीच्या कामाला लागले. खांबावरचा दिवा गेला, गटाराचं झाकण फुटलं, नळ कोरडा पडला, की काका विभाग कार्यालयात जायचे, साहेबांच्या टेबलासमोर उभे राहायचे आणि बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचेल अशा बेताने बोलायचे. दोन-चार दिवसांत काम होऊन जायचं. मग शिंप्याच्या दुकानात बसून काका म्हणायचे, "सरळ बोटाने तूप निघत नाही बाबांनो."

गल्लीचा गट याच दुकानात भरायचा. गट म्हणजे काका, शिंपी, शाळेतल्या बाई आणि घरी करमत नाही अशी आणखी काही मंडळी. काकूही यायच्या. दारापाशी स्टुलावर बसून पाय लांब करायच्या. त्यांच्या नडगीवर जखम होती आणि रक्तातल्या साखरेमुळे ती काही केल्या भरत नव्हती. गल्लीच्या टोकाला सरकारी दवाखाना होता, तिथे जाऊन त्या दिवसाआड नर्सकडून पट्टी बदलून घ्यायच्या. बैठकीत मात्र त्या अवाक्षर काढत नसत. काका बोलत असताना दुसऱ्याला बोलायला जागा तरी कुठे असायची म्हणा.

अशा या गटाची पाहणी करायला एक दिवस एका संस्थेच्या मॅडम आल्या. देशातला नागरी समाज कितपत सक्षम आहे ते तपासायचं आणि जिथे तो लेचापेचा असेल तिथे त्याला बळ द्यायचं, हे त्यांचं काम. वयाने लहान, चेहऱ्याने प्रामाणिक, गळ्यात ओळखपत्र. शिंप्याने त्यांच्यासाठी एकुलती एक खुर्ची पुसली.

"पाच वर्षांनी तुमचा गट कुठे असेल असं वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"इथेच," काका म्हणाले. "दुसरीकडे जागा कोण देतंय?"

"गटात निर्णय कसे होतात?"

"मी सांगतो, हे ऐकतात."

"आणि मतभेद झाले तर?"

"तर मी परत सांगतो."

मॅडमनी सगळं मन लावून लिहून घेतलं. पुढच्या खेपेला त्या निकाल घेऊन आल्या. तळमळ भरपूर, सातत्य बरं, अंतर्गत लोकशाही शून्य. आणि एक शेरा होता, 'एकाच व्यक्तीचे वर्चस्व'. ते ऐकून काकांनी आधी सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं. ही तारीफ नव्हे हे त्यांना शिंप्याची खाली गेलेली मान पाहून कळलं.

बळ द्यायला मॅडमनी बटणं आणली. म्हणजे बटणं शिंप्याचीच, युक्ती त्यांची. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाला तीन बटणं. एकदा बोललात की एक बटण ताटलीत टाकायचं. बटणं संपली की तोंडाला कुलूप. काकांनी पहिल्याच बैठकीत "सगळे आले का?" म्हणून एक घालवलं, "पंखा लावा रे" म्हणून दुसरं, आणि "हा काय पोरखेळ आहे?" म्हणून तिसरं. पुढे तासभर ते गाल फुगवून बसले. पण गंमत अशी की इतर लोक बोलायला लागले. आजवर फक्त मान डोलावणारा शिंपी खांबावरच्या दिव्यावर भरभरून बोलला आणि असं निघालं की तो दिवा त्याला तिथे मुळात नकोच होता, रात्रभर डोळ्यांवर उजेड येतो म्हणे. मॅडमची पद्धत वाईट नव्हती, हे कबूल केलंच पाहिजे. काकूंनी तेवढी तिन्ही बटणं जशीच्या तशी परत दिली. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "कुणाच्या तरी सदऱ्याला लागतील."

आणि मग ती बातमी आली. विभाग कार्यालयाला जुने कागद ठेवायला जागा हवी होती, म्हणून दवाखान्याची खोली घेणार आणि दवाखाना मोठ्या रस्त्याच्या पलीकडे नेणार. तो रस्ता असा की धडधाकट माणसंही जीव मुठीत धरून पळत ओलांडायची. काकांनी काकूंच्या पायाकडे पाहिलं. ते तडक उठले आणि चपला शोधायला लागले.

पण आता गटात लोकशाही होती. हात वर करून ठरलं की शिष्टमंडळ न्यायचं, पाळीपाळीने बोलायचं आणि कुणीही आवाज चढवायचा नाही. 'कुणीही' म्हणताना शाळेतल्या बाईंनी काकांकडे पाहिलं नाही, बाकी सगळ्यांनी पाहिलं. काकांनी चपला शोधणं सोडलं. काकूंच्या पायाचा प्रश्न होता, आपल्या तोंडाने काही बिघडायला नको अशी त्यांनाही खरंच भीती वाटली.

शिष्टमंडळ जाऊन आलं. शाळेतल्या बाई मुद्देसूद बोलल्या, शिंपी नम्रपणे बोलला, साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. "इतकं शिस्तीचं शिष्टमंडळ मी या कार्यालयात पाहिलं नाही," ते म्हणाले. "जरूर विचार करू." मंडळी हरखून परत आली. पंधरवडा गेला. दवाखान्याच्या दारात कागदांच्या खोक्यांची पहिली गाडी येऊन उभी राहिली.

काका संतापले. आणि खरं सांगायचं तर थोडेसे खूशही झाले. शेवटी भोंगाच वाजवावा लागला ना? त्यांनी घसा खाकरला, चपला शोधल्या आणि एकटेच कार्यालयात गेले.

साहेबांनी त्यांना पाहून पेन खाली ठेवलं. "या काका. बऱ्याच दिवसांनी. करा सुरू." मग काहीतरी आठवून म्हणाले, "हां, पण एक सांगून ठेवतो. उद्या मी रजेवर आहे. काकूंना परवा पाठवा."

काकांनी छातीत भरून घेतलेला श्वास तसाच राहिला. "काकूंना? कशाला?"

"कशाला म्हणजे? नेहमीप्रमाणे."

"नेहमीप्रमाणे म्हणजे?"

साहेबांना वाटलं, काका वेड घेऊन पेडगावला चाललेत. मग त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि साहेबच ओशाळले. पण आता सांगणं भाग होतं. "असं बघा काका, तुम्ही ओरडून गेलात की माझं टाळकं सरकायचं. तुमची फाइल मी सगळ्यात खाली सारायचो. चारचौघांत असं ऐकून घेतल्यावर काम केलं तर माझ्या हाताखालची माणसं मला काय म्हणतील? दुसऱ्या दिवशी काकू यायच्या. म्हणायच्या, साहेब, मनावर घेऊ नका. की मग फाइल वर. माझाही मान राहायचा, तुमचंही काम व्हायचं."

"दिव्याचं?"

"दिव्याचं, झाकणाचं, नळाचंही."

काका खुर्चीत बसले. या कार्यालयात ते प्रथमच बसत होते. "मग माझ्या ओरडण्याचा काही उपयोग नव्हताच म्हणा."

"असं कसं? तुम्ही ओरडला नसतात तर त्या आल्या कशाला असत्या?"

काका ओरडलेच नाहीत. ते तसेच उठून घरी आले, आणि दोन दिवस घरात कुणी आजारी असावं तशी शांतता होती.

तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "अहो, तुम्ही कार्यालयात जाऊन आलात ना? मला कुणी काही सांगितलं नाही. किती ओरडलात?"

"नाही ओरडलो."

"म्हणजे? मग मी माफी कशाची मागू?" काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"कळलंय मला सगळं," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "गल्लीला माहीत होतं?"

"शिंप्याला माहीत होतं. बाईंना पण. नर्सला." काकूंनी बोटांवर मोजणं सोडलं. "सगळ्यांनाच होतं हो. पण तुम्ही इतक्या हौसेने जायचात."

"मी आता नाही जाणार. मेलो तरी नाही. तुझी कीव घेऊन कामं करायची होती होय मला?"

"कीव नव्हे," काकू म्हणाल्या, पण काका ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. सोमवारी दवाखान्याची कपाटं हलणार होती. काकू बराच वेळ पट्टीवरून हात फिरवत बसल्या. मग उठल्या, भिंतीच्या आधाराने चपला घातल्या आणि निघाल्या. एवढ्या दुखऱ्या पायाने कुठे निघाल्या म्हणून काकाही चार पावलं मागे ठेवून गेले.

काकू कार्यालयात शिरल्या. काका बाहेरच्या बाकड्यावर बसले आणि वाट पाहू लागले, आता मवाळ आवाजात गयावया ऐकू येणार म्हणून. त्याऐवजी जे ऐकू आलं त्याने टंकलेखन करणाऱ्या कारकुनाचे हात थांबले.

"लाज वाटत नाही तुम्हाला?" काकू आत ओरडत होत्या. "तुमच्या कुजक्या कागदांना सावली पाहिजे, आणि माणसांनी काय गाडीखाली जायचं? हा पाय बघा. बघा म्हणते ना. या पायाने तो रस्ता ओलांडून दाखवा तुम्ही. चहा पाजता लोकांना!"

बराच वेळ चाललं होतं. आवाज काकांइतका मोठा नव्हता, पण फाटका आणि खरा होता, आणि काका बाकड्यावरून उठून उभे राहिले. काकू बाहेर आल्या. त्यांनी काकांच्या खांद्याचा आधार घेतला. "चला," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्हाला यायचंय."

दुसऱ्या दिवशी काकांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि वाटेत दोनदा परत फिरले. हातात काही नव्हतं, तरी हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. साहेबांच्या दारात उभं राहून त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आत येऊ का म्हणून विचारलं.

"साहेब, काल माझी बायको जरा बोलली. मनावर घेऊ नका."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. टेबलाशी दोन कारकून उगाच कागद चाळत उभे होते, ते मात्र हलले नाहीत.

"तिच्या मनात काही नसतं. पाय ठणकतो हो तिचा, झोप नाही रात्री." काकांचा आवाज इतका खाली गेला की कारकुनांना पुढे झुकावं लागलं. "आणि साहेब, घरी ती कधी आवाज चढवत नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. चांगली आहे हो ती. फार चांगली आहे."

साहेबांनी खाकरून कारकुनांना पिटाळलं, खालची फाइल वर घेतली आणि सही केली. खोकी दुसरीकडे गेली, दवाखाना होता तिथेच राहिला.

महिनाअखेरीस मॅडम पुन्हा मोजमापाला आल्या. दवाखाना वाचला हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. "कोणत्या पद्धतीने साधलंत? शिष्टमंडळ, निवेदन, की वाटाघाटी?"

शिंपी म्हणाला, "माफी."

"माफीला रकाना नाहीये," मॅडम कागद उलटसुलट करून म्हणाल्या. बराच विचार करून त्यांनी ते 'इतर'मध्ये घातलं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांकडे तिन्ही बटणं शिल्लक होती आणि त्यांना काही बोलायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी काकू नर्सकडून पट्टी बदलून आल्या. काकांनी त्यांच्या पायाखाली उशी सारली आणि शेजारी बसले.

"एक विचारू? तू काय सांगायचीस गं त्या साहेबाला, माझ्याबद्दल?"

"काय सांगणार? माणूस मनाने चांगला आहे म्हणायचे. लोकांसाठी जीव तोडतो, स्वतःसाठी कधी काही मागत नाही."

काकांना बरं वाटलं. "एवढंच?"

"आणि म्हणायचे, घरी कधी आवाज चढवत नाहीत."

काकांनी पायाखालची उशी पुन्हा नीट केली.

"तेवढं एक खोटं बोलावं लागायचं," काकू म्हणाल्या.