भाजलेली माती

रोपवाटिकेच्या फाटकाशी झुंबड उडाली होती. महिनाभर थेंब पाणी नाही, तरी बाबांचं भस्म घातलेली रोपं तरतरीत होती. शेजारच्या रोपांनी केव्हाच माना टाकलेल्या.

"माझ्या रोपाला पाणी कशाला? ते माझा श्वास पितं!" बाबा गरजले आणि त्यांनी कुंपणाजवळच्या जुन्या काटेरी झाडाकडे बोट रोखलं. "हे बाकीच्यांचा जीव शोषतंय. पाडा! बुंध्याखालची माती मला आणून द्या. शाप तिथंच मुरलाय, मी जिरवतो."

रोपवाटिका चालवणारी वहिनी गर्दीच्या भरात 'हो' म्हणून बसली. घरी आल्यावर मात्र ती हळहळत सगळं सांगू लागली. लेकीचा झोका त्याच झाडाला होता.

"शापाची माती बाबाला कशाला हवी गं?" शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या थोरल्या नणंदेनं विचारलं.

"वन्सं, झालात का सुरू!"

"पिशव्या भरण्याआधी माती भाजतेस ना तू?"

"मग! चांगली पत्र्यावर. कीड औषधालासुद्धा उरत नाही."

"कीड जाते, आणि तिच्यासोबत बरंच काही. बाबाला निरोप दे, कुऱ्हाड धारेला टाकलीय."

धार लावायला दोन महिने लागले. तेवढ्यात दोघींनी भाजलेल्या मातीत तीन रांगा लावल्या. पहिलीत भस्म घातलं, दुसरीत तेच भस्म तव्यावर भाजून, तिसरीत झाडाखालची मूठभर कच्ची माती, मंत्राशिवाय. रोपं मुळावली तसं पाणी तोडलं.

बाबा गर्दी घेऊन आले. वहिनीनं पदर खोचला.

"बाबा, यातली तुमची रांग कुठली?"

बाबांनी सगळ्यात हिरव्या रांगेवर हात ठेवला. "ही! श्वास ओळखतो मी माझा."

"तिच्यात तुमची चिमूटही नाही. पहिली हिरवी तुमची, आणि ही मधली सुकलेलीही तुमचीच. हिच्यातलं भस्म नुसतं भाजलंय."

गर्दीत खसखस पिकली. नणंदेनं हिरव्या रांगेतलं एक मूळ शाळेतून आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. एकेकानं डोळा लावला. मुळाला केसाहून बारीक धागे लगडलेले.

"ही बुरशी. मूळ पोचत नाही तिथलं पाणी हे धागे आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. जुन्या झाडाखाली ही भरपूर असते. बाबा तीच माती राखेत कालवून देतो."

"तुमची श्रद्धाच भाजली गेलीय!" बाबा फाटकाकडे सरकत म्हणाले.

"श्रद्धा नाही बाबा, बुरशी. आणि ती मीच भाजत होते इतकी वर्षं," वहिनी म्हणाली.

मग ती लोकांकडे वळली. "चमत्कार दिसला ना, की हात जोडण्याआधी शेजारी एक साधी रांग लावून बघा. एवढंच."

मागून हाक आली, "आई, झोका दे ना!"