एका पायाचं टेबल

ट्यूबमधून कापलेली रबरी चकती.

"मला अर्धाच कप."

साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा, घडी घालून घालून जाड केलेला.

सांडलेलं मीठ.

रात्री माझ्यावर गादी.

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. निदान दिवसा तरी. माणसं जिच्यात राहतात, स्वयंपाक करतात, झोपतात, अशा एका गाडीत दोन बाकांच्या मधे माझी जागा आहे. मला एकच पाय, लोखंडी नळीचा. रात्री तो काढतात, मला बाकांच्या कडांवर आडवं टेकवतात आणि वर गादी टाकतात. मग मी पलंग. सकाळी पुन्हा टेबल. मी नक्की कोण, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझा जन्म एका जुन्या दाराच्या फळीतून झाला. गाडीचे मालक बाबा. जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवून ते निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मला इथे बसवलं. सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. आई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या ह्यांनी केलंय, बरं का."

मग मी हलायला लागले. कधीपासून, ते सांगता येणार नाही. गाडी चालली की सगळंच हलतं. त्यात माझं हलणं कुठून सुरू झालं, कोण जाणे.

"अहो, या टेबलाचं काहीतरी करा. रोज चहा बशीत."

"करतो गं."

बाबांनी पायाखाली पुठ्ठा सारला. मग चकती. तरीही चहा बशीत. शेवटी ते अर्धाच कप मागू लागले. दोष माझाच. मला वाईट वाटे आणि कोडंही पडे, कारण आईंचा कपही माझ्यावरच असे. तो कधी सांडत नसे.

परवा मुलगी आली. ती वजनकाटे दुरुस्त करते. दुसऱ्या दिवशी तिघांना घाट उतरून पलीकडे जायचं होतं. चालवणार अर्थात बाबा.

"बाबा, हे काय? टेबलाला बूट घातलेत?"

"हात लावू नकोस. आहे ते बरं आहे."

"डुगडुगतंय की."

"डुगडुगू दे. गाडीतलं टेबल डुगडुगणारच."

आई म्हणाल्या, "करू दे तिला. तुमच्याच्यानं तर झालं नाही."

तिने पुठ्ठा काढला, चकती काढली, मला उलटं केलं. नळी जिच्यात अडकते त्या तबकडीच्या स्क्रूंची भोकं मोठी झाली होती. तिने त्यांत गोंद लावलेल्या आगकाड्या ठोकल्या, स्क्रू पुन्हा पिळले आणि माझ्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. मग कोपरं टेकून तिने सगळा भार टाकला. मी हलले नाही. इतकं स्थिर राहायचं म्हणजे काय करायचं, तेच मला सुचेना.

"घ्या. आता पूर्ण कप."

बाबा कपाकडे बघत बसले.

"थंड होतोय, अहो."

त्यांनी कप उचलला, दोन घोट घेतले, खाली ठेवला. कप बशीवर वाजू लागला. वाजतच राहिला. चहा माझ्यावर ओघळला. मला वाटलं, दुरुस्ती फसली. पण मित्रांनो, मी हलत नव्हते.

मुलीने माझ्यावर तळवा टेकला. मग तोच तळवा बाबांच्या मनगटावर. आवाज थांबला.

"कधीपासून?"

"अगं, हे टेबल..."

"टेबल नाही, बाबा."

आई फडका घेऊन आल्या. पुसायचं काही उरलं नाही तरी पुसत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाबांनी खिशातली किल्ली माझ्यावर ठेवली आणि मुलीकडे सरकवली.

"क्लच जरा वर लागतो," ते म्हणाले. "घाईत सोडू नकोस."

घाट मुलीने उतरवला. बाबा मागे दोन्ही हात माझ्यावर ठेवून बसले. गाडी हलत होती, मी हलत होते, तेही. कोण कुणाला हलवतंय, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरचं टेबल डगमगत असेल तर जरूर दुरुस्त करा. स्क्रू पिळा, पाणसळ लावा. मग जरा वेळ जवळ बसा आणि कुणाचा कप अजून वाजतोय का, ते ऐका.

आता आठवतं, बाबांचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा माझे सगळे स्क्रू घट्ट होते. तो हात स्टिअरिंगवर होता आणि शेजारी आई डुलकी घेत होत्या.