तोच आकडा, पुन्हा

बोरगावच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. गादीवर अंकनाथ महाराज, मांडीवर लॅपटॉप, मागे भलामोठा टीव्ही. काळ्या पडद्यावर महाराज इंग्रजी अक्षरांची एक ओळ लिहीत, शेवटी रोग्याच्या नक्षत्राचा क्रमांक घालत आणि खाली आकडा उमटे. सम आला तर दवाखान्याच्या गोळ्या चालू. विषम आला तर गोळ्या बंद, महाराजांची विभूती सुरू.

"इथे माणसाचा हात नाही. आकडा शून्यातून येतो," महाराज सांगत. शून्याला जनरेटर मात्र लागत होता.

पांढुर्ण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी सुचिता धाकट्या भावाच्या, विनोदच्या काळजीने आली होती. त्याच्या बायकोला, पूनमला क्षयरोग होता. मागच्या महिन्यात इथेच ७४६३ आला आणि विनोदने तिच्या गोळ्या बंद केल्या. आता खोकताना पूनमचा पदर लाल होई, म्हणून विनोद आज पुन्हा विचारायला बसला होता.

"नक्षत्र मूळ, एकोणिसावं," म्हणत महाराजांनी बोटं चालवली. पडद्यावर ७४६३.

मंडपभर हात जोडले गेले. विनोदचे डोळे भरून आले. "पाह्यलं ना ताई? तोच आकडा. देवाचं बोलणं बदलत नाही."

सुचिता मात्र हादरली. वर्गात ती हेच करायला लावी. मशीनकडून मनमानी वाटणारे आकडे काढताना सगळ्यांनी तिला एकच संख्या द्यायची, म्हणजे सगळ्यांचे आकडे सारखे येतात, तपासायला सोपं जातं.

तिने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, टीव्हीवरची ओळ जशीच्या तशी लिहिली. "बटण तूच दाब, विनोद."

७४६३.

"मशीन आपण दिलेल्या संख्येवरून गणित करते. एकोणीस टाकलं का हाच येते. सत्तावीस नक्षत्रांचे आकडे यानं पहिलेच पाहून ठेवले. पूनमचं नक्षत्र तुले कोणं सांगितलं?"

"महाराजांनीच," विनोद पुटपुटला.

"म्हणजे विषम आकडा येणारं नक्षत्र त्यानंच निवडलं," सुचिता म्हणाली.

"श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," म्हणत महाराजांनी आपला लॅपटॉप मिटला. काही जण उठले. काहींचे हात तरीही विभूतीसाठी पुढे होते.

विनोदने पूनमला नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी शर्थ केली. पण मध्येच सोडलेल्या गोळ्यांना आता रोग दाद देईना. पूनम दिवाळीआधी गेली.

"मी त्या महाराजाले एकदाही म्हटलं नाही ताई," विनोद म्हणाला, "का दुसरा नंबर टाकून दाखव."

एवढंच विचारायचं असतं. जो विचारू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून आपल्या माणसाचं औषध थांबवू नका.