उजवा खांदा

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. मला एका वेळी बटणाएवढंच दिसतं. म्हणून माझी गोष्टही अशी तुकड्यातुकड्यांची.

एक गोल. थायलंडमधल्या लाम्पांगचा छापखाना. पी अम्फाई, म्हणजे तिथल्या सगळ्यांची ताई, मला नमुन्याच्या पानावर टेकवायची. रंगांचे ठिपके एकमेकांवर नीट बसलेत? कापताना कडेचं अक्षर तुटेल? वीस वर्षं माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पान छपाईला गेलं नाही. याचा मला अभिमान आहे.

मग अंधार. संगणक आला, मी खणात. सोबतीला गंजलेल्या टाचण्या.

पुन्हा उजेड! प्रायून गुरुजी वारले होते. शनिवारी दहन. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या आठवणींचं पुस्तक द्यायचं होतं. त्यात, तरुणपणी तिथल्या रीतीनं ते काही काळ भिक्खू झाले तेव्हाचा फोटो. लेक काणिकाकडे उरलेला एकुलता एक. इतका फिकट, की अंग कुठलं आणि चीवर कुठलं ते कळेना.

"पाठवू का, पी? संगणकानं हिरवी खूण दिलीय," मांडणी करणारा नोप म्हणाला.

"तुझा संगणक कधी विहारात गेलाय का रे?" पी अम्फाईनं खण उघडला.

"अहो, त्या म्हातारबुवांना झोपू द्या की!"

तिनं मला नमुन्याच्या पानावरच्या फोटोवर टेकवलं. चीवराची शिवण दिसली. तिच्या काठाकाठानं मला सरकवत नेलं. शिवण उजव्या खांद्यावर चढली.

"नोप, फोटो आरशासारखा डावा-उजवा उलटवलास?"

"चेहरा पानाच्या आत बघायला हवा ना..."

"आणि गुरुजींचा डावा खांदा उघडा पडला! भिक्खूचा उजवा उघडा असतो. दहनाला सगळा विहार येणार. काणिका कुणाकुणाकडून पुस्तकं परत मागेल?"

नोपनं हात जोडले. फोटो सुलटा करून समोरच्या पानावर नेला. चेहरा आत, खांदाही बरोबर.

शुक्रवारी काणिका पुस्तकं न्यायला आली. पी अम्फाईनं मला मूळ फोटोवर ठेवलं. "बघ."

काणिका वाकली. बराच वेळ वाकलेलीच.

"कानामागे वस्तरा लागलाय," ती म्हणाली आणि हसली. "बाबा सांगायचे, मुंडन करताना हललो. मला वाटायचं, थापा मारतात."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची काच मऊ फडक्यानं पुसा, ओरखडू देऊ नका. आणि हिरवी खूण आली, तरी पान हातातून जाण्याआधी एकदा वाकून बघा.

माझी जागा आता खणात नाही. संगणकाच्या शेजारी आहे. उजव्या हाताला.